तेवीस नंबरची सुई

मास्तर सुईला घाबरतात असं महिन्याभरापूर्वी कुणी म्हटलं असतं, तर मास्तरांनी त्याला आधी बसायला खुर्ची दिली असती आणि मग त्याची चूक सविस्तर समजावून सांगितली असती. सव्वीस वर्षं ज्या माणसानं शिवणयंत्र शिकवलं, ज्याच्या अंगठ्यातून चालत्या मशीनची सुई तीनदा आरपार गेली आणि तिन्ही वेळा ज्यानं चाक उलटं फिरवून ती आपल्याच हातानं बाहेर काढली, वर विद्यार्थ्यांना "बघितलंत ना, असं करायचं नसतं" असंही सांगितलं, त्यानं सुईला घाबरायचं म्हणजे काय! पण ती सुई स्वतःच्या अंगठ्यातली होती. बायकोला टोचायची सुई हे वेगळं प्रकरण असतं, हे मास्तरांना जरा उशिरा कळलं.

त्यांच्या बायकोला सगळी इमारत मास्तरीणबाई म्हणायची. त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. त्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत खिडकीवर बसत. पण नवरा मास्तर म्हणून त्या मास्तरीणबाई, एवढा साधा हिशेब. या बाईंना गेली आठ वर्षं दर महिन्याला चार-पाच दिवस ओटीपोटात अशा काही कळा येत, की भिंत धरून उभं राहावं लागे. तरी त्या कामावर जात. पोटाशी उशी दाबून खिडकीत बसत आणि समोरच्या माणसाला "आईचं नाव नीट लिहा" असं सांगत. एका डॉक्टरांनी सांगितलं, मनाचे खेळ आहेत. दुसऱ्यांनी सांगितलं, एक मूल झालं की आपोआप थांबेल. तेव्हा त्यांची मुलगी पंधरा वर्षांची होती आणि शेजारच्याच खुर्चीवर बसलेली होती. आता तर ती शिकायला बाहेरगावी राहत होती आणि फोनवर आईला आधी दुखण्याचंच विचारायची.

शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी तपासण्या केल्या, चित्र काढून दाखवलं आणि सांगितलं, की गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर भलत्याच जागी वाढतंय. मास्तरीणबाईंना काही कळायच्या आत मास्तर म्हणाले, "म्हणजे ओढ बसत असणार! अस्तर जागा सोडून लागलं की वरचा कपडा ओढला जातोच." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगदी बरोबर." त्या दिवशी मास्तर एका वेगळ्याच तोऱ्यात घरी आले. आठ वर्षांचं दुखणं शेवटी आपल्याच खात्यातलं निघालं, असं काहीसं त्यांना वाटत होतं.

उपाय होता हार्मोनचं इंजेक्शन. महिन्याला एक, सहा महिने. पाळी बंद राहील, अस्तराला खतपाणी मिळणार नाही, दुखणं बसेल. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे कदाचित उलट जास्त दुखेल, अंगातून गरम वाफा निघतील, पण घाबरायचं नाही. फक्त एक पाळायचं. पहिलं इंजेक्शन पाळीच्या पहिल्या पाच दिवसांतच घ्यायचं. ते दिवस हुकले तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं. थांबायचं म्हणजे आणखी एक महिना सोसायचं, हे काही डॉक्टरीणबाईंना वेगळं सांगावं लागलं नाही.

पाळी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून खोका आणायची कामगिरी मास्तरांवर होती. त्यांनी तो आणला, पण वाटेत शाळेत थांबून उघडला. काही उघडलं की आतला कागद वाचायचाच, ही त्यांची सवय. कागद चादरीएवढा मोठा होता. औषधाची पूड, ते विरघळवायचं पाणी, मिसळल्यावर लगेच टोचायचं, कमरेच्या खाली स्नायूत खोल टोचायचं, वगैरे. इथवर ठीक. पण शेवटी सुईचा नंबर होता आणि तो वाचून मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवीस!

आता मशीनच्या सुईचं शास्त्र मास्तरांना झोपेतून उठवून विचारा. नऊ नंबर तलम कापडाला. अकरा साध्या सुती कापडाला. चौदा जाड कापडाला, सोळा जीन्सला, अठरा तंबूच्या कापडाला. एकवीस नंबर आला की समोर ताडपत्री नाहीतर चामडं असतं. या सुया त्यांनी एका पट्टीवर ओळीनं टोचून वर्गात टांगल्या होत्या आणि पट्टी एकवीसला संपत होती. सव्वीस वर्षांत तेवीस नंबरची सुई त्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती. तिनं काय शिवत असतील याची कल्पनाही त्यांना करवेना. आणि ती खोल टोचायची! कुणाला? तर जिला ब्लाउजच्या गळ्याला जाड शिवण आली तरी चालत नाही तिला.

असं असताना माणूस काय करतो? विचारतो. पण इथंच मास्तरांचा मान आडवा आला. सुईबद्दल आपण दुसऱ्याला विचारायचं? तरी मनाचा हिय्या करून त्यांनी रुग्णालयाच्या चौकशी खिडकीला फोन लावला.

"मला जरा सांगाल का, ते हार्मोनचं इंजेक्शन तुमच्याकडे कसं देतात?"

"टोचून," पलीकडचा आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

घरी मास्तरीणबाई पलंगावर कुशीवर पडून होत्या. "आलं का औषध?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी त्यांचं ते पिळवटलेलं तोंड पाहिलं, ताडपत्री आठवली आणि म्हणाले, "नाही गं. उद्या-परवा येईल म्हणतोय दुकानदार." बावीस वर्षांच्या संसारातलं हे त्यांचं पहिलं मोठं खोटं. छोटं खोटं ते कधीमधी बोलले होते, पण ते कापडाच्या रंगाबद्दल. मग त्यांनी खोका फ्रिजमध्ये कोबीच्या मागं लपवला. एका दिवसात काहीतरी मार्ग काढू, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

मार्ग काढायला ते वरच्या मजल्यावर गेले. वरचे काका म्हणजे चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते. आता निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती, पण इमारतीत कुणी शिंकलं तरी ते अजून दार उघडून बघत.

"नंबर?" काका हसले. "अहो मास्तर, आमच्या वेळी नंबर कसले आलेत? सुई एक आणि माणसं दोनशे. बोथट झाली की मी दगडावर धार लावायचो. घासली, उकळली, टोचली. कुणाची तक्रार नाही."

"तक्रार करायला परत कोण येतंय?" आतून काकू म्हणाल्या. त्या बाहेर येऊन बसल्या आणि त्यांनी विषय हातात घेतला. त्यांच्या मावसबहिणीच्या नणंदेनं म्हणे असलंच काहीतरी घेतलं होतं. "आवाज असा घोगरा झाला हो तिचा, की फोनवर लोक तिला भाऊजी म्हणायचे. आणि मिशा." काकूंनी बोटानं ओठावर रेघ ओढून दाखवली. ते भलतंच औषध होतं आणि त्या बाईंना मिशा आधीपासूनच होत्या, असं काकांनी मध्येच सांगितलं. पण मिशी एकदा डोळ्यांसमोर आली की ती सहजासहजी जात नाही.

काकांनी शेवटी तोडगा दिला. "त्या रुग्णालयाच्या भानगडीत पडूच नका. इंजेक्शन आणलंय ना? मी देतो घरी येऊन. माझी सिरिंज अजून ठेवलीय जपून. काचेची." मास्तर घाईघाईनं "बघू, बघू" म्हणत खाली आले. गेले होते एक काळजी घेऊन, आले तीन घेऊन.

तिसरा दिवस असाच गेला. मास्तरीणबाई अर्धा दिवस कचेरीत काढून घरी आल्या आणि न जेवता पडून राहिल्या. मास्तरांनी शाळेतून एकवीस नंबरची सुई आणली होती. बाई झोपल्यात असं पाहून त्यांनी बैठकीच्या खोलीत सोफ्याची गादी उभी केली, तिच्या वरच्या कोपऱ्यात खडूनं खूण केली आणि सुई टोचून पाहिली. गादीतून फस्सकन आवाज आला. मास्तर दचकले. सुई पूर्ण आत गेली आणि गादीतच राहिली. ती शोधायला त्यांना गादीची एक बाजू उसवावी लागली आणि मग परत शिवावी लागली. शिवण सुरेख आली, पण मन थाऱ्यावर नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात वरचे काका उभे. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात स्टीलचा डबा. पंधरा वर्षांनी ड्यूटीवर निघालेल्या माणसाचं तेज त्यांच्या तोंडावर होतं.

"मास्तर, पाणी ठेवा उकळायला," ते मोठ्यानं म्हणाले. "इंजेक्शन येऊन दोन दिवस झाले म्हणता, आणि अजून घेतलं कसं नाही? काढा बाहेर!"

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं, डोळे मोठे केले, मानेनं वर जायची खूण केली. काकांना यातलं काहीही कळलं नाही. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मास्तरीणबाई एका हातानं चौकट धरून उभ्या राहिल्या.

"येऊन दोन दिवस झाले?"

मास्तर फ्रिजकडे बघू लागले. तिकडे बघायला नको होतं. बाई सरळ गेल्या, कोबी बाजूला केला आणि खोका बाहेर काढला. काकांनी डबा पाठीमागं लपवला आणि "गॅसवर दूध ठेवलंय वाटतं" असं पुटपुटत जिन्यानं वर पळ काढला. इतक्या चपळाईनं ते गेल्या दहा वर्षांत कधी चढले नव्हते.

"अगं, ऐक तरी," मास्तर म्हणाले. "तेवीस नंबर आहे गं तो! तेवीस! एकवीसनं मी ताडपत्री शिवतो. ते तुला... मला नाही बघवणार. मी दुसरी सुई मिळते का बघत होतो."

मास्तरीणबाई खुर्चीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "आठ वर्षं आतून टोचतंय मला. त्या सुईचा नंबर काय हो? तो सांगा की. तुम्हाला सगळे पाठ आहेत ना?"

मास्तर सोफ्याच्या गादीवरची शिवण चाचपू लागले.

"मला सुईची भीती नाही. मला भीती एवढीच, की हेही लागू पडलं नाही तर मग पुढं काय. आणि तुम्ही माझे दोन दिवस कोबीमागं ठेवलेत."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते वाटायलाच हवं होतं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "उद्या सकाळी पहिल्या नंबरला आपण तिथं असू." बाईंनी खोका परत फ्रिजमध्ये ठेवला, या वेळी सगळ्यांत पुढं, आणि जाता जाता म्हणाल्या, "आणि सोफ्याची गादी कुणी उसवली तेही उद्या सांगा."

पाचवा दिवस. शेवटचा. आता एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं मुकाट्यानं बायकोबरोबर जाऊन बाकावर बसावं की नाही? पण मास्तरांनी पहाटे उठून एक अर्ज लिहिला होता. वळणदार अक्षरात, समास सोडून. "विषय : इंजेक्शनासाठी तेवीस नंबरऐवजी अकरा अथवा शक्य असल्यास नऊ नंबरची सुई वापरण्याबाबत." सोबत नमुना म्हणून वर्गातली सुयांची पट्टी कागदात गुंडाळून घेतली होती. दोन्ही गोष्टी त्यांनी पिशवीच्या तळाशी ठेवल्या.

रुग्णालयात मास्तरीणबाईंना एक मिनिटही लागलं नाही. बाहेरून आणलेलं इंजेक्शन टोचायला डॉक्टरांचं पत्र लागतं, पत्रावर शिक्का लागतो, शिक्का कुठल्या टेबलावर असतो आणि त्या टेबलावरच्या माणसाशी कसं बोलायचं असतं, हे सगळं त्यांना जन्मजात कळत होतं. त्या पत्र, शिक्का आणि खोका घेऊन इंजेक्शनच्या खोलीच्या दारात जाऊन बसल्या. मास्तर "आलोच" म्हणून सटकले.

चौकशी खिडकीवरच्या माणसानं अर्ज वाचला. आवाजावरून मास्तरांनी ओळखलं, फोनवरचा तो हाच.

"हा अधीक्षकांच्या नावे आहे. अधीक्षक रजेवर आहेत."

"मग आता?"

"आवक नंबर घ्या."

आवक नंबर देणाऱ्या बाई म्हणाल्या, सुई हा विषय भांडाराचा. भांडारवाले म्हणाले, सुया मागणीपत्राशिवाय मिळत नाहीत आणि मागणीपत्र फक्त सिस्टरना करता येतं. त्यांच्याकडे पंखा बदलून मिळण्याच्या अर्जाचा नमुना होता, खाट बदलून मिळण्याचा होता, सुई बदलून मिळण्याचा नव्हता. "असा अर्ज आजवर कुणी केलाच नाही," ते म्हणाले, आणि मास्तरांना ते क्षणभर कौतुकच वाटलं. या सगळ्यात दोन जिने झाले, तीन रांगा झाल्या आणि मास्तरांच्या नाकी नऊ आले. शेवटी धापा टाकत ते इंजेक्शनच्या खोलीत पोचले तर दारातला बाक रिकामा.

आत एक पडदा होता आणि पडद्याच्या अलीकडे टेबलाशी सिस्टर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, काहीतरी लिहीत होत्या. मास्तरांनी अर्ज पुढं केला. सिस्टरनी तो पूर्ण वाचला. मग परत वरपासून वाचला.

"अक्षर फार छान आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, मी सुयांतला माणूस आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पट्टी उलगडून टेबलावर पसरली. "ही नऊ. ही अकरा. ही बघा एकवीस. आणि तुम्ही तेवीस वापरणार! माणसाचं अंग आहे हो ते."

सिस्टरनी पट्टीकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "अकरा नंबरची हवी ना? आहे की. हाडात घालून आतला मगज काढतात तिनं. आणू?"

मास्तरांचा आ वासला तो तसाच.

"आणि नऊ नंबरची आमच्याकडे नाही. पलीकडच्या रस्त्याला गुरांचा दवाखाना आहे, तिथं विचारा. अहो मास्तर, आमच्याकडे उलटं असतं. नंबर वाढत गेला की सुई बारीक होत जाते." त्यांनी कप्प्यातून निळ्या टोकाची एक नवी सुई काढली आणि वेष्टण फोडून पट्टीवर आडवी ठेवली. "ही तेवीस."

मास्तरांनी वाकून पाहिलं. डोळे किलकिले केले. सव्वीस वर्षांची नजर ती, तिला मोजपट्टी लागत नाही. निळ्या टोकाची सुई आणि पट्टीवरची पहिली सुई, दोन्ही एकाच जाडीच्या होत्या.

"अहो, ही तर नऊ नंबर आहे!" ते ओरडले. "तलम कापडाची!"

पडद्यामागून हसण्याचा आवाज आला. आधी दाबलेला, मग न दाबता आलेला. पडदा बाजूला झाला. मास्तरीणबाई खाटेवर एका अंगावर कलून बसल्या होत्या, एक हात पोटावर, डोळ्यांतून पाणी, आणि हसू काही थांबत नव्हतं. "आई गं... हसवू नका हो, दुखतंय," त्या म्हणाल्या आणि परत हसल्या.

"घेतलंस?" मास्तरांनी विचारलं.

"केव्हाच. तुम्ही आलोच म्हणून गेलात ना, तेव्हा. मुंगी चावल्यासारखं झालं. मी तर सिस्टरना विचारलं, कधी टोचणार?"

मास्तर तिथल्याच स्टुलावर बसले. एका सुतावरून त्यांनी जो स्वर्ग गाठला होता, तिथून ते धाडकन खाली आले होते. पण बरं वाटत होतं, फारच बरं वाटत होतं. सिस्टरनी अर्ज परत दिला नाही. तो त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला, आणि पुढच्या महिन्यात मास्तर गेले तेव्हा तीन नव्या सिस्टर त्यांच्याकडे बघून तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या. मास्तरांनी तो अपमान सोसला. दुसरं करणार तरी काय?

पहिला महिना सोपा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे सुरुवातीला दुखणं वाढलं आणि मास्तर रोज कागद काढून "हे लिहिलंय, हे लिहिलंय" असं स्वतःलाच वाचून दाखवत होते. मग वाफा सुरू झाल्या. बाहेर गारठा असताना घरात पंखा पाचवर आणि मास्तर स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून जेवायला बसलेले. काकू अधूनमधून खाली येऊन मास्तरीणबाईंच्या ओठाकडे निरखून बघत आणि थोड्याशा निराश होऊन परत जात.

गेल्या आठ वर्षांत मास्तरांनी एक नेम ठेवला होता. बाईंच्या पाळीची तारीख आली की ते त्या दिवशी अर्धी रजा टाकत आणि दुपारी घरी येत. करण्यासारखं फारसं काही नसे. अर्ध्या दिवसानं परतून पडलेल्या बाईंच्या शेजारी बसत. तिसऱ्या महिन्यातही ती तारीख आली. इंजेक्शनामुळं पाळी आता येणार नव्हती, हे मास्तरांना माहीत होतं. पण माहीत असणं आणि भरवसा वाटणं यात फरक असतो. त्यांनी रजा टाकली आणि दुपारी घर गाठलं. दाराला कुलूप.

मास्तरांनी कुलूप दोनदा ओढून पाहिलं. कचेरीतच कळ आली असेल. खाली पडली असेल. कुणी रुग्णालयात नेलं असेल. ते तसेच उलट पावली निघाले आणि अर्धं अंतर चालत, अर्धं पळत जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत पोचले. खिडकीसमोर ही भली मोठी रांग. मास्तर रांग मोडून पुढं घुसले. मागून लोक ओरडले.

खिडकीत मास्तरीणबाई होत्या. ताठ बसलेल्या. त्यांनी मान वर केली, घामाघूम नवरा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गं," मास्तर धापा टाकत म्हणाले. "आज... आज ती तारीख ना."

"कसली तारीख?"

मास्तरांनी त्यांच्या हातातल्या शिक्क्याकडे बोट दाखवलं. बाईंनी विचारात पडून हातातला शिक्का उलटा करून पाहिला. सकाळपासून त्या दाखल्यांवर तीच तारीख उमटवत होत्या. शंभरेक दाखले तरी झाले असतील.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या लक्षातच नाही हो."

आठ वर्षांत पहिल्यांदा. दोघंही काचेच्या दोन बाजूंनी शिक्क्यावरच्या आकड्याकडे बघत राहिले. बाईंचे डोळे पाण्यानं भरले होते आणि त्या हसत होत्या. मागचा माणूस म्हणाला, "बाई, आमचं बघता का?" बाईंनी पदरानं डोळे टिपले, शिक्का सरळ केला आणि म्हणाल्या, "तुम्ही घरी जा बघू. माझी अजून चाळीस माणसं आहेत. पुढं कोण? आईचं नाव नीट लिहा."

मास्तर बाहेर आले, पायरीवर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता चक्क रडले. मग नाक पुसून उठले. आता दुपारभर करायचं काय, हे त्यांना कळेना. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांची अर्धी रजा फुकट गेली होती.